भावार्थाला मार्क नाहीत

मुलगी लॅटिन शिकतेय म्हटल्यावर समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कशाला?" आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत तर तो जरा जास्तच जोरात येतो, कारण बाकीच्यांची पोरं कॅल्क्युलस, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स अशी एपीची रांग लावत असतात आणि भाषा घ्यायचीच तर मग स्पॅनिश घे ना, निदान प्लंबरशी तरी बोलता येईल (हे मी खरंच ऐकलंय). मी तरी कुठे थोर विचार केला होता. लेकीला सातवीत भाषा निवडायची होती, ती तेव्हा चारचौघांत बोलायला बुजायची, आणि कुणीतरी तिला सांगितलं की लॅटिनमध्ये बोलावं लागत नाही, बोलणारं कुणी उरलेलंच नाहीये. झालं, ठरलं.

अशी ती त्या न बोलायच्या भाषेत वर्षामागून वर्ष पुढे सरकत बारावीत एपी लॅटिनला येऊन पोचली. परीक्षा मे २०२४ ची. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेला कॉलेजच्या लेव्हलचा कोर्स, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा, १ ते ५ मध्ये स्कोअर, चांगला आला तर बऱ्याच कॉलेजांत क्रेडिट मिळतं. लाखो मुलं इंग्लिशच्या एपीला बसतात, लॅटिनला अख्ख्या देशातून पाच हजाराच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे दहावीला कंपोझिट सोडून पूर्ण संस्कृत घेणाऱ्या पोरांचा जो एक छोटासा, थोडा आगाऊ, थोडा एकटा ग्रुप असतो ना वर्गात, तसलंच प्रकरण. बाईंना ही मुलं 'मॅजिस्ट्रा' म्हणतात, सर असतील तर 'मॅजिस्टर'. वर्गात असताना ठीक आहे, पण फोनवर मैत्रिणीशी बोलताना पण "मॅजिस्ट्रा म्हणाली" वगैरे ऐकलं की मला हसू यायचं.

पेपर तेव्हा तीन तासांचा होता. पहिल्या तासात ५० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, त्यातले बरेचसे कधीही न वाचलेल्या उताऱ्यांवर. मग दोन तास लिहायचं: व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याचा एक तुकडा आणि सीझरच्या गद्याचा एक तुकडा इंग्रजीत आणायचा, दोन्हींवर छोटे छोटे प्रश्न, आणि दोन उताऱ्यांची तुलना करणारा एक निबंध. सीझरबद्दल मी इथे फार लिहीत नाही. गॉलमधली युद्धं, छावण्या, आणि "त्याने असं सांगितलं की त्यांनी असं म्हटलं होतं की" अशी मैलभर लांब वाक्यं. लेकीला तो आवडायचा कारण तो सरळ आहे. माझा जीव अडकला तो व्हर्जिलमध्ये.

आणि त्याहून जास्त त्या भाषांतराच्या नियमात. नियम असा की भाषांतर शक्य तितकं शब्दशः हवं. उतारा छोट्या छोट्या तुकड्यांत मोडलेला असतो, तुकड्यागणिक मार्क, आणि तुकडा बरोबर म्हणजे पूर्ण बरोबर. काळ चुकला, गेला. एकवचनाचं अनेकवचन केलं, गेला. विशेषण भलत्याच नामाला चिकटवलं, गेला. "पण मला काय म्हणायचंय ते कळतंय ना" याला कवडीची किंमत नाही.

आता मी ज्या पद्धतीने कविता शिकले त्यात बरोब्बर उलटं होतं. कोल्हापुरात आमची शाळा, "पुढील ओळींचे संदर्भासहित स्पष्टीकरण करा", आणि गाईडमध्ये प्रत्येक कवितेखाली एक भावार्थ. तो भावार्थ पाठ केला की कविता वाचायची गरजच नसायची. कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे, कवीच्या मनातील आर्तता येथे व्यक्त होते, एवढं लिहिलं की पाचपैकी चार कुठे गेले नाहीत. त्या भावार्थाच्या जोरावर मी चांगले मार्क काढलेत आणि त्यातल्या एकाही कवितेची एकही ओळ आज मला धड आठवत नाही. म्हणून जेव्हा लोक हळहळून म्हणतात की परीक्षेमुळे कवितेचं वाटोळं होतं, शब्द मोजत बसलं की काव्य मरतं, तेव्हा मला ते काही पटत नाही. काव्य मारायला भावार्थ पुरतो. शब्द मोजणाऱ्याला निदान प्रत्येक शब्दापाशी थांबावं तरी लागतं.

एक उदाहरण सांगते, कारण त्याशिवाय हे कळणार नाही. इनीडच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयच्या किनाऱ्यावर ग्रीकांनी तो भला मोठा लाकडी घोडा सोडलाय, आणि लाओकून नावाचा पुजारी किल्ल्यावरून धावत खाली येतो आणि ओरडतो, 'तिमेओ दानाओस एत दोना फेरेंतिस'. ४९ व्या ओळीचा मागचा भाग आहे हा. म्हणजे ग्रीक भेटवस्तू आणत असले तरी मी त्यांना घाबरतो. म्हण म्हणून सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पोरं आधीच अर्थ पाठ असल्याच्या तोऱ्यात पुढे जातात आणि तिथेच आपटतात. एक तर 'एत' म्हणजे एरवी 'आणि', इथे मात्र 'सुद्धा'. 'आणि' लिहिलं की तुकडा गेला. दुसरं, 'फेरेंतिस' हे दिसायला षष्ठीचं एकवचन दिसतं, पण आहे द्वितीयेचं अनेकवचन, जुन्या वळणाचं, ते 'दानाओस'शी म्हणजे ग्रीकांशी जुळतं. म्हणजे आणणारे कोण, किती, आणि ते कुणाच्या भीतीचं कर्म आहेत, हे सगळं त्या शेवटच्या 'इस'वर. ते एकदा हाताने लावलं की ती ओळ म्हण राहत नाही, घाईत ओरडलेलं वाक्य होते.

हे लावणं लेकीला शिकवलं मॅजिस्ट्राने, पण सवय लावली माझ्या वडिलांनी. बाबा संस्कृतचे शिक्षक होते, आता रिटायर्ड, कोल्हापुरातच असतात, लेक त्यांना आबा म्हणते. रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. तिने त्यांना सांगितलं की आबा, एपिक आहे, दहा हजारांच्या जवळपास ओळी (९,८९६ म्हणतात), तर त्यांचा पहिला प्रश्न कथा काय, नायक कोण असा नाहीच. "वृत्त कुठलं?"

आणि मग जे सुरू झालं ते मला बघायला फार आवडायचं. ती म्हणाली डॅक्टिलिक हेक्झामीटर. ते म्हणाले म्हणजे काय ते सांग. सहा पाय, प्रत्येक पायात एक लाँग आणि दोन शॉर्ट, किंवा दोन लाँग. आबा म्हणाले गुरू लघू लघू म्हणजे भगण झाला, आणि दोन गुरू चालतात म्हणजे मात्रा मोजताय तुम्ही, चार चार मात्रांचे सहा गट, हे अक्षरगणवृत्त नव्हेच, मात्रावृत्ताच्या घरातलं आहे. गुरू कसं ठरवता? तिने सांगितलं, स्वर दीर्घ असेल तर, किंवा पुढे दोन व्यंजनं आली तर. आबा एवढे खूश झाले की त्यांनी आईला हाक मारून बोलावलं, "अगं बघ, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, त्यांच्यातपण तेच!" आईने स्वयंपाकघरातनं "बरं" म्हटलं. ओळीच्या मध्ये थांबायची जागा असते, सीझ्युरा, ती यती. सगळंच ओळखीचं निघत गेलं, फक्त एक सोडून: शब्द स्वराने किंवा 'म'ने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला तर पहिल्याचं शेपूट गिळायचं. ते आबांना जरा बेशिस्त वाटलं. संधी तरी करा म्हणे, हे काय गिळणं.

पेपरात वृत्ताला जागा थोडीच, ओळीतल्या गुरू-लघूच्या खुणा ओळखायचा एखाद-दुसरा प्रश्न. तेवढ्यासाठी बहुतेक मुलं पेन्सिलीने रेघा आणि अर्धगोल काढून मोकळी होतात, ओळ मोठ्याने म्हणत नाहीत. मला हे फार विचित्र वाटायचं. आपल्याला मंगलाष्टकं ऐकून ऐकून शार्दूलविक्रीडित न शिकता येतं, मसजसततग कुणी समजावलेलं नसलं तरी चुकीचं अक्षर आलं की मांडवात उभा असलेला शेंबडा पोरगा पण ओळखतो की काहीतरी अडखळलं. आबांनी तिला कागद बाजूला ठेवायला लावला आणि मांडीवर ठेका धरून म्हणायला लावलं. इनीडची तिसरी ओळ: 'लीतोरा, मुल्तुम इल्ले एत तेर्रीस याक्तातुस एत आल्तो'. जमिनीवर आणि समुद्रात पुष्कळ फेकला गेलेला तो माणूस, असा अर्थ. सुरुवातीचा 'लीतोरा' सुरळीत जातो, गुरू लघू लघू, आणि मग दोनदा शेपूट गिळत एकापाठोपाठ एक गुरूच गुरू, मुल, तिल, ले, ते, री, या, सगळी जड अक्षरं, तोंड भरून येतं, ओळ अक्षरशः ओढावी लागते, आणि पाचव्या पायात परत भगण येतो तेव्हा कुठे सुटल्यासारखं होतं. रेघा काढून हे कळत नाही. म्हणून बघा, कुठल्याही चालीत म्हणा, तुम्हाला लॅटिन येत नसलं तरी जमेल.

आणि अन्वय. देवा, तो अन्वय. लॅटिन कवितेत विशेषण ओळीच्या एका टोकाला, त्याचं नाम दुसऱ्या टोकाला, क्रियापद मध्येच कुठेतरी पाय पसरून बसलेलं. आबांचं एकच म्हणणं, "आधी अन्वय लाव, मग अर्थाला हात घाल." ती व्हाइटबोर्डवर बाण काढून जोड्या लावायची. आमच्या फ्रिजवर कित्येक आठवडे बाणाबाणांनी भरलेला, इनीडमधल्या राणी डायडोच्या ओळींचा कागद चिकटवलेला होता आणि घरी आलेले लोक त्याला फुटबॉलच्या मॅचचा प्लॅन समजायचे.

त्या तिसऱ्या ओळीतल्या समुद्रावरून आठवलं. पहिल्या सर्गात जूनो देवीच्या सांगण्यावरून वारे मोकाट सुटतात, ट्रॉयहून निघालेल्या नायकाची, इनियासची जहाजं फुटतात, आणि मग समुद्राचा देव नेपच्यून पाण्यावर डोकं काढून त्या वाऱ्यांना झापतो, 'क्वोस एगो'. म्हणजे "ज्यांना मी..." आणि वाक्य तिथेच सोडून देतो, आधी लाटा शांत करू म्हणतो. याला परीक्षेच्या भाषेत एक भलंमोठं ग्रीक नाव आहे, ते पाठ करावं लागतं. मला नाव लागत नाही, "तुम्हाला ना मी..., थांबा, आधी गॅस बंद करते" हे मी रोज म्हणते. त्या नेपच्यूनचाच ग्रीक अवतार, पॉसायडनची ब्राँझची छोटीशी मूर्ती, आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलीये, १९४० च्या दशकात. टाउन हॉल म्युझियममध्ये शाळेच्या ट्रिपला आम्हाला ती दाखवली होती आणि आम्ही ती न बघता बाहेर बागेत डबे खायला पळालो होतो. रोमशी व्यापार चालायचा तेव्हाचा माल तो, इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातला. लेकीला फोटो दाखवला तर म्हणाली, आई, हे इतके दिवस सांगितलं का नाहीस. व्हर्जिललाही इकडची खबर होती बरं का, आठव्या सर्गात इनियासच्या ढालीवर सम्राट ऑगस्टसने जिंकलेली ॲक्टियमची लढाई कोरलेली आहे, तिथे अपोलोने धनुष्य ताणल्यावर पळ काढणाऱ्यांत 'इंदी', म्हणजे भारतातले, पण आहेत. आबांना हे मुळीच आवडलं नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो चौथ्या सर्गावर. इनियास कार्थेजमध्ये राणी डायडोकडे राहिलाय, आणि देवाचा निरोप आल्यावर गुपचूप निघायची तयारी करतोय. तिला कळतं. ती बोलते ओळ ३०५ ते ३३०. पहिल्याच वाक्यात 'पेर्फिदे', विश्वासघातक्या. मध्ये एके ठिकाणी ती त्याला 'होस्पेस' म्हणते, पाहुण्या, आणि लगेच कंसात घातल्यासारखं म्हणते की नवरा म्हणायचं तर आता एवढंच नाव उरलंय. जुना टीकाकार सर्व्हियस सांगतो की या ओळी व्हर्जिलने स्वतः फार भावनेने म्हणून दाखवल्या होत्या असं म्हणतात. मग कवी म्हणतो की इनियासने शेवटी थोडक्यात उत्तर दिलं. 'पाउका', थोडे शब्द. आणि तो थोडक्यात बोलणारा माणूस बोलतच सुटतो ते थेट ३६१ पर्यंत, तिच्यापेक्षा जास्त! लेकीने हे स्वतः ओळी मोजून पकडलं आणि किंचाळत माझ्याकडे आली. मुद्देसूद बोलतो तो, एक नंबर, दोन नंबर, मी लग्नाचं वचन दिलंच नव्हतं, मला तर ट्रॉयलाच राहायचं होतं, वडील स्वप्नात येतात, मुलाच्या हक्काचं राज्य बुडेल. एखाद्या ऑफिसातला ईमेल असावा तसा. भावार्थात हे काय लिहिलं असतं? "कर्तव्य आणि प्रेम यांतील द्वंद्व." संपलं.

आणि शेवटची ओळ, 'इतालियाम नोन स्पोंते सेक्वोर'. इटलीकडे मी माझ्या मर्जीने जात नाहीये. ती ओळ अर्धीच आहे. सहा पायांपैकी साडेतीन, पुढे काही नाही. इनीडमध्ये अशा पन्नासहून जास्त अपुऱ्या ओळी आहेत, कारण व्हर्जिल ख्रिस्तपूर्व १९ मध्ये ते काव्य अजून घासूनपुसून पूर्ण व्हायच्या आत वारला, जाळून टाका असं सांगून गेला होता म्हणतात, आणि ऑगस्टसने ते जाळू न देता मित्रांकडून प्रसिद्ध करवलं. त्यामुळे ही ओळ मुद्दाम तोडलीये की राहून गेलीये यावर लोक भांडतात. आबा म्हणाले राहून गेली असणार, वृत्त मोडून कुणी मुद्दाम लिहीत नाही. लेक म्हणाली नाही आबा, त्याच्याकडे बोलायला काही उरलंच नाहीये. मला लेकीचं पटतं, पण आबांसमोर बोलले नाही. सिलॅबसमध्ये चौथ्या सर्गाचा तो भाग २५९ ते ३६१ असा नेमलेला होता, म्हणजे बरोब्बर त्या अर्ध्या ओळीवर थांबणारा. ज्याने कुणी तो नेमला त्याला माझा नमस्कार.

तोच सिलॅबस बाकी ठिकाणी मात्र मला रागही आणायचा. पहिल्या सर्गात ४४० वरून उडी मारून थेट ४९४, आणि मध्ये ४६२ वी ओळ, 'सुंत लाक्रिमाए रेरुम' (गोष्टींनाही अश्रू असतात), ज्या ओळीसाठी लोक व्हर्जिल वाचतात ती, लॅटिनमध्ये नेमलेलीच नाही. इंग्रजीत वाचा म्हणे. आणि दुसरा लॅटिन कवी, कॅटुलस. पूर्वी एपी लॅटिनच्या दोन परीक्षा होत्या, एक व्हर्जिलची आणि एक लिटरेचरची, ज्यात कॅटुलस असायचाच आणि जोडीला सिसरो, होरेस किंवा ओव्हिड यांच्यातला एक. ती दुसरी २००९ नंतर बंद झाली. त्याचं नुकसान कुठे दिसतं सांगते. सहाव्या सर्गात इनियास पाताळात जातो, तिथे त्याला मेलेली डायडो भेटते, आणि तो तिला म्हणतो की राणी, तुझ्या किनाऱ्यावरून मी नाइलाजाने निघालो. ती एक अक्षर बोलत नाही, जमिनीकडे बघत राहते आणि आपल्या पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते. आता ती नाइलाजाची ओळ व्हर्जिलने जवळपास जशीच्या तशी कॅटुलसकडून उचललीये, आणि तिथे ती कोण म्हणतंय? राणीच्या डोक्यावरून कापलेली केसांची बट! राणी, तुझ्या डोक्यावरून मी नाइलाजाने निघाले. एवढी गमतीची ओळ इतक्या भयंकर जागी आणून ठेवायची म्हणजे काय डोकं असेल. आणि हेही बघा की चौथ्या सर्गाच्या शेवटी मरणाऱ्या डायडोची बटच कापली जाते. ज्या मुलांनी फक्त व्हर्जिल वाचलाय त्यांच्या डोक्यावरून हे सगळं जातं. मॅजिस्ट्राने परीक्षेनंतर उरलेल्या दिवसांत थोडा कॅटुलस वाचून घेतला म्हणून आमच्या घरात तरी पोचलं.

घोकंपट्टी होतीच, नाही कशाला म्हणू. क्विझलेटची कार्डं, अलंकारांच्या याद्या, प्रत्येक अलंकाराला सिलॅबसमधलं एक उदाहरण. इथले पालक घोकंपट्टी हा शब्द शिवीसारखा वापरतात, आशियाई पोरं पाठ करतात वगैरे, आणि त्यांचीच मुलं एप्रिलमध्ये बसस्टॉपवर डायडोच्या ओळी पुटपुटत उभी असतात. पण निबंधातही नियम असा होता की जे म्हणाल त्याला लॅटिन शब्द उतरवून पुरावा द्यायचा आणि त्याचा अर्थही लावून दाखवायचा. "कवीच्या मनातील आर्तता" चालत नाही, कुठल्या शब्दात आहे ती आर्तता, कुठल्या विभक्तीत, दाखव. कॉलेजच्या ॲप्लिकेशनसाठी 'स्वतःबद्दल' निबंध लिहून लिहून मुलं त्या वर्षी इतकी गुळगुळीत झालेली असतात, प्रत्येकाच्या आयुष्यात एक संघर्ष आणि एक धडा, की हा रुक्ष नियम मला फार बरा वाटला.

जुलैत स्कोअर आला, चार. तिला पाच हवा होता, दोन दिवस तोंड पाडून होती, मग आबांनी विचारलं किती ओळी अजून पाठ आहेत, आणि तिने ३०५ पासून सुरुवात केली.

आता धाकट्याची पाळी आहे. २०२५-२६ पासून सिलॅबस बदललाय, सीझर गेला आणि त्याच्या जागी धाकटा प्लिनी आला, त्याची पत्रं, त्यात व्हेसुव्हियसच्या उद्रेकाचं पत्र आहे, ज्यात त्याचा मामा बोटी घेऊन निघतो आणि परत येत नाही. व्हर्जिल आहेच, पण बरेच उतारे बदलले, त्यामुळे ताईच्या बाणांच्या कागदांतले बरेचसे आता याच्या उपयोगाचे नाहीत. याला कवितेत शून्य इंटरेस्ट आहे, त्याला फक्त ज्वालामुखी पाहिजे. आबांना सांगितलं की या वेळी अर्धा पेपर गद्य पत्रांचा आहे, तर ते म्हणाले बघू, पण रविवारी जरा लवकर कॉल लावा, याची वृत्तं कच्ची आहेत.